गेटबाहेरच्या खुर्च्या

गुरु. ६ नोव्हेंबर
फर्स्ट शिफ्ट. घरी यायला साडेतीन. टेबलावर पत्त्यांचा कॅट तसाच, दोन कप तसेच पालथे. बबनराव आजही आले नाहीत. हा तिसरा गुरुवार.

ह्यांना विचारलं, "काही निरोप?" मान नुसती हलली. झटका येऊन गेल्यापासून ह्यांचा 'हो' तेवढा स्वच्छ येतो, बाकीचे शब्द तोंडात गोळा होतात. मला निम्मं कळतं, आमच्या ओंकारला पाव. बबनरावांना सगळं कळतं. कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकायच्या मशिनांवर अठ्ठावीस वर्षं समोरासमोर उभे होते दोघं. त्या खडखडाटात कुणाचं ऐकू यायचं? ओठ बघूनच बोलायचे. ती सवय आता कामाला येते. म्हणजे यायची.

त्यांच्या वाटचा फराळाचा डबा अजून फडताळात. चिवडा सादळला.

शनि. ८ नोव्हेंबर
आज डोकं फिरलं. ओंकारने दिवाळीला आणलेलं वॉशिंग मशीन. पुढच्या काचेवर अठरा चित्रं, एकाचा अर्थ लागेल तर शपथ. मधेच टॉवेल टाकायचा म्हटलं तर दार उघडत नाही. कपडे माझे, पाणी माझं, आणि परवानगी त्याची! वर धुऊन झालं की गाणं म्हणतं. गाणं कशाला म्हणतोस बाबा, दार उघड ना.

कंपनीत आमच्या लाइनवर वायरचा तुकडा जरी चुकीचा लागला तरी त्याला लाल टॅग लागतो. काय दोष, कुणी पाहिला, तारीख. मग तो पीस पुढे जात नाही, मग मॅनेजर येवो नाहीतर मॅनेजरचा बाप. म्हटलं, घरात का नाही? पुतणीच्या लग्नाची पत्रिका होती लाल पुठ्ठ्याची, ती कापली. सात टॅग निघाले.

टॅग १, वॉशिंग मशीन: मालकाला ओळखत नाही.
टॅग २, टीव्हीचा रिमोट: आवाजाचं बटण आणि सिनेमा विकत घ्यायचं बटण शेजारी शेजारी. हे कुणी केलं त्याला माझ्यासमोर उभा करा.

मिक्सरला टॅग नाही. एक खटका, तीन आकडे. ओल्या हाताने, पिठाच्या हाताने, कसाही फिरव. तेवीस वर्षं झाली. कुकरलाही नाही. झालं की शिट्टी मारतो, गप्प बसतो.

रवि. ९ नोव्हेंबर
ओंकार मारुंजीहून आला. तिथेच खोली घेऊन राहतो, हिंजवडीत मोबाइलची अ‍ॅप बनवायचं काम. टॅग बघून हसत सुटला. "आई, तू माझ्या धंद्यावर उठलीस." मी म्हटलं, तुझं एखादं दाखव, तुलाही लावते.

मग मी सोसायटीच्या गेटच्या अ‍ॅपचा विषय काढला. दिवाळीपासून वॉचमनची वही गेली, इंटरकॉम काढला. कुणी आलं की घरातल्या मोबाइलवर रिंग येते. हिरवं दाबलं तर पाहुणा आत, लाल दाबलं तर बाहेर, वीस सेकंदांत काहीच नाही दाबलं तरी बाहेर. माझा फोन शिफ्टभर लॉकरमध्ये, म्हणून नंबर ह्यांचा दिलेला. म्हटलं, बघ रे, बबनराव आले होते का.

ओंकारने ह्यांच्या फोनवर यादी उघडली. तीन गुरुवार, तिन्ही वेळा सकाळी अकराच्या आसपास. 'बबनराव, फ्लॅट ५०३.' पुढे लाल अक्षरात, प्रवेश नाकारला. नाकारला. नाकारला.

ह्यांनीच दाबलेलं. उजवा हात कामातून गेलेला, डाव्याचा अंगठा थरथरतो. हिरवं-लाल एवढं खेटून, की धडधाकट माणसाचाही नेम चुकावा. दार उघडायला गेले आणि तीनदा मित्राच्या तोंडावर लावलं. आणि तो खाली उन्हात उभा.

ह्यांना कळलं. फोन पालथा घातला आणि डाव्या हाताने कपाळावर मारून घेतलं. एकदा, दोनदा. मी हात धरला. ओंकार हळूच म्हणाला, "पप्पांना सवय होईल गं."

माझं डोकं सटकलं. "तुझ्या बापाने सवय करायची? त्या अ‍ॅपला तुझ्या बापाची सवय का होऊ नये?"
"आमच्याकडे ह्याला युजर एरर म्हणतात, आई."
"आमच्याकडे 'ऑपरेटरची चूक' एवढंच लिहिलेला फॉर्म मॅनेजर परत फेकतो. आधी पीस धरायचं फिक्स्चर बघ म्हणतो!"

मलाच नंतर वाईट वाटलं. पोर एवढ्या लांबून येतं. पण शब्द मागे घेतला नाही.

टॅग ३, गेटचं अ‍ॅप: ज्या माणसाला तोंडाने फक्त 'हो' नीट म्हणता येतं, त्याच्याकडून तीनदा 'नाही' म्हणवून घेतलं.

सोम. १० नोव्हेंबर
बबनरावांना फोन केला. "वयनी, दार लावल्यावर काय बोलायचं ऱ्हातंय?" एवढंच, ठेवून दिला. म्हणजे त्यांना तसंच वाटतंय.

हे आज जेवले नाहीत धड. फोन वाजला की दचकतात. दूधवाल्याची रिंग आली तर सोफ्याच्या उशीखाली फोन दाबला.

गुरु. १३ नोव्हेंबर
कॅट बाहेर काढलेलाच नव्हता आज. पत्ते उभे करायची पट्टीही कपाटात. ती पट्टी मीच केली होती. लाकडाला करवतीने खाच, तेरा पत्ते उभे राहतात, एका हाताने रमी खेळता येते. अ‍ॅप नाही, चार्जिंग नाही.

रवि. १६ नोव्हेंबर
चाकणच्या पुढे बबनरावांच्या गावाला जाऊन आले. दोन बस बदलून. नवा चिवडा केला होता, शंकरपाळेही. ओंकारकडून अ‍ॅपमध्ये सुट्टीच्या दिवसापुरता माझा नंबर घालून घेतला होता. निघताना वॉचमनला सांगून ठेवलं होतं, बरोबर बारा वाजता त्या नंबरवर कुणाचीही एंट्री टाक.

बबनराव ओट्यावरच बसलेले. आत या म्हणाले नाहीत. पाणी त्यांच्या बायकोने, वहिनींनी दिलं.

"आमी गेटवर हुबं. त्यो पोरगा मोबाइल बघून म्हनतो, मना कर दिया. येकदा न्हाई, तीनदा. तिसऱ्यांदा तर मागची पोरं हसली. दत्त्यानं तोंडावर सांगितलं असतं येऊ नगंस, तर चाललं असतं." ह्यांना ते दत्त्याच म्हणतात.

मी वाद घातला नाही. बाराला पाच कमी होते. फोन त्यांच्या हातात दिला. "आता रिंग येईल. पाहुण्याला आत घ्यायचं. फक्त डाव्या अंगठ्याने, आणि मी कोपर हलवत राहणार." रिंग आली. मी कोपर हलवलं. फार नाही, ह्यांचा हात हलतो तेवढंच.

"आयला! लाल दाबला गेला की!"

मग फोन उलटसुलट करून बघितला. डोळे पुसले, उपरण्याने, उघड. "म्हंजी दत्त्या मला आत घ्याया बघत व्हता?" म्हटलं, तीन गुरुवार. वहिनींनी चहा टाकला.

ओंकारने तोडगा दिला होता, तो सांगितला. दर वेळी बबनरावांच्या फोनवर सहा आकडे येतील, ते गेटवर दाखवायचे. त्यांचा बटणांचा फोन, पण चालेल म्हणे. बबनराव ताडकन उठले. "मित्राकडं जायला ओटीपी? न्हाई जमायचं. दत्त्यानं तोंडानं ये म्हनावं, म्या येतो." हट्टी माणूस. पण खरं सांगू, मला ते बोलणं भारी आवडलं.

गुरु. २० नोव्हेंबर
आले नाहीत. शब्दाचे पक्के. ह्यांना सगळं सांगितलंय. ऐकून घेतात, खिडकीतून गेट बघत बसतात.

रवि. २३ नोव्हेंबर
सोसायटीची मीटिंग, पार्किंगमध्ये. मी उभी राहिले, म्हटलं, वही परत आणा, किंवा एक साधी घंटी. सेक्रेटरी वाघमोडे म्हणाले, "मॅडम, बाकीच्या एवढ्या घरांना जमतंय. नाचता येईना अंगण वाकडं, असं नको."

म्हटलं, "साहेब, अंगण खरंच वाकडं असलं तर? आमच्या कंपनीत आधी अंगणाला स्पिरिट लेव्हल लावतात."

आणि पिशवीतून सुती हातमोजे काढले, लाइनवरचे, धुऊन नेलेले. "एक डाव्या हातात घाला. हात आमच्या ह्यांच्यासारखा चालत नाही असं समजा, आणि पाहुण्याला आत घ्या." नको म्हणता येईना, सगळे बघत होते. माझा फोन त्यांच्या हातात दिला. पाहुण्याचं नाव वॉचमनला मी आधीच सांगितलं होतं. रिंग वाजली. मोज्यातून स्क्रीनला काही कळेचना. दाबतायत, घासतायत, मोजा दातांनी ओढतायत. वीस सेकंद संपली. सगळ्यांना दिसेल असा मोबाइल धरला मी.

प्रवेश नाकारला: जावईबापू.

काय हशा! मागे खुर्चीत वाघमोड्यांच्या आई होत्या, नव्वदीला टेकलेल्या. त्या तर पदर तोंडाला लावून हलत होत्या. वाघमोडे लाल. "हा प्रश्न सुरक्षेचा आहे, चेष्टेचा नाही. पुढच्या मीटिंगला बघू." पुढची मार्चमध्ये.

हसून घेतलं सगळ्यांनी, पण हात कुणी वर केला नाही. जिन्यात एक बाई म्हणाली, "तुमचं बरोबर आहे हो, पण आपल्याला सोयीचं पडतं ना." पडतं की. आज पडतं. तुझाही अंगठा म्हातारा होईल, बाई.

गुरु. २७ नोव्हेंबर
आज चहाआधी हे लिहायला घेतलं.

कंपनीची बस कोपऱ्यावर सोडते. गेटकडे बघते तर बाहेर, अगदी बाहेर, रस्त्याच्या कडेला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. एकीत हे, इस्त्रीचा शर्ट, बटणं एक घर चुकलेली. समोर बबनराव. मधे स्टूल, पट्टीत पत्ते उभे.

वॉचमनने सांगितलं. साहेब दहा वाजता लिफ्टने एकटे खाली आले, काठी टेकत. गेट ओलांडून बाहेर जाऊन उभे राहिले. खुर्च्या त्याने आणून दिल्या. "मॅडम, बाहर बैठने का एंट्री नहीं लगता." शहाणा आहे.

आणि बबनरावांना निरोप कसा पोचला? तर ह्यांनी काल रात्री जेवणानंतर त्यांना फोन लावला होता. मी ओट्यापाशी, मला पत्ताच नाही. बबनराव सांगत होते, "काय बोलला त्ये न्हाई समजलं, ओठ दिसत न्हवतं ना. पन म्या इचारलं, येऊ का? तर म्हनला, हो."

मोबाइल वर घरातच राहिला होता. जाऊन बघितलं तर बबनरावांसाठी रिंग येऊन गेलेली. वॉचमनने नियम म्हणून टाकली असणार. उत्तर नाही, म्हणून नाकारला. नाकार बाबा. ते खाली पाचवा डाव मांडतायत.

बुध. ३ डिसेंबर
सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस. 'गेटबाहेर खुर्च्या ठेवून अडथळा करू नये. आढळल्यास उचलण्यात येतील.' नाव नाही, पण नाव लिहायची गरज काय. खाली संमतीचे अंगठेच अंगठे, सगळे हिरव्यावर नेम बसणारे.

ओंकारचा फोन आला. मला वाटलं, आई जरा दमानं, असं म्हणेल. म्हणाला, "ऑफिसात मी डाव्या हाताने आमचं अ‍ॅप चालवून बघितलं. पैसे परत मागायचं बटण काही दाबलं जात नाही. साहेबांना दाखवलं." "मग?" "म्हणाले, कोण दाबतंय डाव्या हाताने." मग म्हणाला, "टॅग उरलेत का गं?" चार आहेत म्हटलं. रविवारी नेणार आहे.

ह्यांना नोटीस वाचून दाखवली. विचारलं, उद्या जायचं का खाली?
"हो."
उद्याची रजा टाकली.

गुरु. ४ डिसेंबर
गेटवरच बसून लिहितेय, वही मांडीवर. पावणेअकरा. दोनाऐवजी तीन खुर्च्या आणल्या, धुऊन पुसून. तिसरी माझी. उचलायला आले तर माझ्यासकट उचला.

हे सातपासून तयार. आज बटणं बरोबर लावलीत.

तिसरी खुर्ची मला काही मिळाली नाही. मी स्टुलावर आहे. वाघमोड्यांच्या आई सुनेला न सांगता खाली आल्या, भिंत धरत धरत, आणि टेकल्या. "बसते गं जरा. वर काय, नुसता तो फोन ओरडतो. मला तर त्या मीटिंगनंतर कुणाचं तोंड दिसलेलं नाही." पत्ते बघून म्हणाल्या, "रमी येते मला. एके काळी सगळ्यांना हरवायची."

बबनरावांची मोटरसायकल वळणावर दिसतेय. आणि मागे पार्किंगमधून वाघमोडे येतायत, दोन माणसं घेऊन, तरातरा. अजून त्यांना आई दिसलेली नाही. आईंनी त्यांना पाहिलंय. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "पत्ते वाट गं."