बाटलीच्या मागचा आकडा

२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

छातीत धडधडलं म्हणून तू दवाखान्यात गेलास आणि डॉक्टरांनी नुसता गॅस म्हणून परत पाठवलं, हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. गुडघ्यांची मात्र काळजी वाटते. छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता यंत्रांच्या आवाजाने कान गेले, आता घरी पुस्तकबांधणीला मांडी घालून बसतोस, त्यात गुडघे चाललेत.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घ्यायच्या म्हणतोस. घे, पण तुझी बहीण औषधाच्या दुकानात बावीस वर्षं उभी आहे, तेव्हा तिचं जरा ऐक. बाटलीवर पुढे ठळक हजार मिलिग्रॅम लिहितात ते नुसत्या तेलाचं वजन. त्यात कामाचं ओमेगा-३ किती, ते मागे बारीक अक्षरात असतं. ते नसेल ती बाटली ठेवून दे. बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासल्याची खूण बघ, मुदतीची तारीख बघ. घरी एक फोडून हुंग, खवट वास आला तर परत कर. माशाच्या यकृताचं तेल निराळं, ते उचलू नकोस. रोज एक, जेवणानंतर.

आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. तुला तसली गोळी नाही हे मला ठाऊक आहे, पण गिऱ्हाइकाला सांगते ते भावालाही सांगितलेलं बरं. माझ्यावरचा लोभ गुडघ्यांसारखा कुरकुरू देऊ नकोस.

तुझी
भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

बाटली आणली. दुकानदाराला भिंग मागितलं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मागे ओमेगा-३ चे दोन आकडे, एकशेऐंशी आणि एकशेवीस, म्हणजे एकूण तीनशे. हजाराच्या नावाखाली तीनशे, ही शुद्ध लबाडी आहे. बारीक अक्षरांत मला कोणी फसवू शकत नाही. खरा हजार पोटात जायचा तर तीन कॅप्सूल तरी हव्यात. गुडघे दोन, म्हणून सहा घेतो. दहा दिवसांत जिना चढताना फरकही वाटला.

परवा चामडं तासताना सुरी अंगठ्याला लागली. चिंधी तीनदा बदलली. म्हातारं रक्त, त्याला थांबायची घाई नाही. हातावर कुठे कुठे काळंनिळं दिसतं, ते कशावर तरी आपटल्याचं असेल. कागदाच्या कोपऱ्यातला डाग चहाचा समज.

तू स्वतःच्या पाठीची काळजी घे. आशीर्वाद देऊन ठेवलेत, पुरवून वापर.

तुझा
दादा

२१ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सहा कॅप्सूल घ्यायला तुला कोणी सांगितलं? मागचा आकडा चांगली बाटली ओळखण्यासाठी होता, दुकानदाराची लबाडी पोटात भरून काढण्यासाठी नव्हता. हे वाचल्याबरोबर कॅप्सूल बंद कर.

तो डाग चहाचा नाही. जरा कापलं की तीन चिंध्या आणि न कळता उठणारे डाग, हे नुसत्या तेलाने होत नाही. काहीतरी लपवतो आहेस. फोन तुला ऐकू येत नाही म्हणून कागदावरच दरडावते: घरात ज्या गोळ्या असतील त्यांची नावं पाकिटावरून अक्षरन् अक्षर उतरवून पाठव, आणि आजच डॉक्टरांकडे जा. मला दोन दिवस झोप नाही, मी घाबरले आहे. राग धरलास तरी चालेल, उत्तर मात्र धाड.

तुझी
भिंगरी

३० मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

गॅस नव्हता. ठोके चुकतात म्हणून रक्त पातळ करणारी गोळी दिली आहे, पाकीट सोबत जोडतो. तुझ्या नवऱ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तू सगळं टाकून धावत आली असतीस, म्हणून लिहिलं नाही. दर पंधरवड्याला रक्त तपासायला बोलावलं होतं. बांधणीचं मोठं काम आलं, दोनदा राहिलं. चुकलंच माझं.

तुझं पत्र आल्यापासून कॅप्सूल बंद आहेत. डॉक्टरांकडे सोमवारी जाईन म्हणतो. काल फळीवरचं पुठ्ठ्याचं गाठोडं काढताना स्टुलावरून पडलो, डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. रक्ताचा थेंबही आला नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही. डोकं मात्र दुखतंय, आणि झोप फार येते. रक्ताचा थेंबही आला नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही.

उरलेलं उद्या लिहीन.

दादा

३ एप्रिल, दुपार, तुझ्या दाराबाहेर

दादा,

थेंबही आला नाही हे वाचलं आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तशी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर रक्त आतल्या आत साचू शकतं, ते दिसत नाही. त्यात एकच ओळ तू दोनदा लिहिलीस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याला ती दिसली नाही. मिळेल त्या गाडीने निघाले.

खालचा शिंपी सांगतो, परवा तू जिन्यात भिंत धरून चढत होतास. दाराशी दोन दिवसांची वर्तमानपत्रं पडली आहेत. भर दुपारी आत दिवा चालू आहे, फटीतून उजेड दिसतो. कडी आतून आहे. शिंपी सुताराला आणायला धावला आहे, रुग्णवाहिका बोलावली आहे.

मी दार बडवते आहे, पण त्याचा तुला काय उपयोग. म्हणून हे लिहून दाराखालून आत सरकवते आहे. जागा असशील तर हलणारा कागद दिसेल. उठू नकोस, बोलू नकोस. दुसरं टोक मी बाहेर चिमटीत धरलं आहे.

फक्त ओढ.