निरीक्षणाखाली

३ जून
नोकरी लागली, आणि काय झकास लागली! इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांना काम करताना होणाऱ्या इजांचा माग ठेवायचा. कुणाला सुई टोचली, कुणाच्या डोळ्यांत रक्त उडालं, पुढे तब्येत कशी राहिली. स्वतंत्र खोली, खिडकीशी टेबल, न कुरकुरणारा पंखा. मोठे डॉक्टर फार लाघवी बोलतात. म्हणाले, माणसं भीतीपोटी इजा लपवतात, त्यांचा विश्वास मिळवा. आईला फोन केला, तर तिने आधी जेवणाचंच विचारलं.

७ जून
कचरा उचलणाऱ्या मावशी एक हात पाठीमागे धरून चालत होत्या. खोदून विचारलं. तापाच्या वॉर्डातली सुई पिशवीतून बोटात घुसली होती. कामावरून काढतील म्हणून गप्प बसल्या होत्या. मी खूप समजूत घातली, गोळ्या लगेच मिळतील म्हणाले. "तू म्हणतेस म्हणून सांगते हो, पोरी," म्हणाल्या. त्यांना तळघरातल्या निरीक्षण खोलीत नेलं. मला अगदी हलकं वाटलं.

१२ जून
मावशींचा ताप, अंगावरचे डाग, बोलणं, सगळं रोज काचेतून पाहून टिपायचं. आज त्यांची लेक आली. आई ठणठणीत आहे असं सांगा, म्हणाले डॉक्टर. सांगितलं. पण मावशींना गोळ्या देताना कुणी दिसत नाही. धीर करून विचारलं. डॉक्टर हसले. "गोळी दिली, तर ताप कसा चढतो ते कळणार कसं?"


१३ जून
हेड सिस्टरना गाठलं. त्यांनी आधी दार लावलं. त्या खोलीतून आजवर कुणी चालत बाहेर आलेलं नाही, म्हणाल्या. आणि मला पुन्हा काही विचारू नकोस, असंही.

१५ जून
गोळ्या चोरल्या. एकालाच पुरतील एवढ्या. सगळे जेवायला गेल्यावर मी मावशींच्या खोलीत शिरले. मावशींचे डोळे लालभडक, हिरड्यांतून रक्त. गोळी ओठांशी नेली, तर भ्रमात कडकडून चावल्या. मनगटाला. रक्त माझं की त्यांचं —
मग शुद्धीवर आल्या. हात पसरला. दे, म्हणाल्या.
मी भिंतीशी सरकले. पहिली गोळी मीच गिळली. उरलेल्या खिशात.
त्या बघत होत्या.

१६ जून
लांब बाह्या घातल्या. लेक पुन्हा आली. ठणठणीत, म्हटलं. तिने माझे हात हातात घेतले, आभार मानले —

१७ जून
अंग तापलंय. गोळी वेळेत घेतली होती. घेतली होती ना —
कपाटातल्या गोळ्या कमी भरल्या, तेव्हा डॉक्टरांनी काचेबाहेरून मावशींना विचारलं, आत कोण आलं होतं. मी शेजारीच उभी. मावशींनी बोट वर केलं.
"हिची बाही वर सारा, डॉक्टर."
पळाले. माझ्या खोलीला आतून कडी लावलीय. बाहेर डॉक्टर किती गोड बोलताहेत. घाबरू नका, मनगट तेवढं दाखवा — हेड सिस्टरही आहेत, त्याच सांगताहेत की कडी जुनी आहे, एका धक्क्यात