चपलेचा वास

५ जून १९६१
पोचलो एकदाचा बंगळूरला! मल्लेश्वरममध्ये माडीवरची खोली, खिडकीशी पेरूचं झाड, जूनमध्ये पांघरूण लागेल अशी हवा. मालकीणबाई पद्मावतीअक्का तीन पिढ्या इथल्याच. ‘स्वल्प’ कॉफी म्हणून तांब्याभर पाजली. उद्यापासून कारखाना, एक जुलैला नोकरी कायम. तोवर माझ्या फेफऱ्याचा कुणाला वास लागता कामा नये. ते मेलं येतं तेही पहाटे, जाग येता येता. दिवसभर मी ठणठणीत. पण हे साहेबाला कोण पटवणार?

१२ जून
आज आलंच. जीभ चावली, गादी ओली. ती कुणाला न दिसता कुठे वाळवायची या विवंचनेत बस चुकली. वैताग नुसता! आणि नाकात चामड्याचा वास. फेफरं आलं की चप्पल हुंगवतात, आमच्या गावीही. पण दाराला आतून कडी होती.

१७ जून
पुन्हा. नाक सोललंय, ओठांवर माती. वर कोण येतं, असं अक्कांना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, गुडघ्यांमुळे त्या जिना चढतच नाहीत. मग आपणहून सांगू लागल्या. त्यांचा भाऊ नरसिंह याच खोलीत राही, त्यालाही फेफरं. त्यांचे यजमान देवाप्पाअण्णा पहाटे चप्पल घेऊन धावत वर जात. एकदा तो फार तडफडला, म्हणून अण्णांनी फार वेळ दाबून धरली. तो उठलाच नाही. त्याच वर्षी अण्णाही गेले. फार मायाळू होते, म्हणाल्या.

२१ जून
कारखान्यातल्या सोबत्यांना एक तारखेपासून दुसरी खोली बघायला सांगितलंय. ते विचारतात, एवढी छान खोली का सोडतोस? काय सांगू, कपाळ! भुताचं सांगायचं तर फेफऱ्याचंही सांगावं लागेल. डॉक्टर म्हणतात, झोप पुरी घ्या. जागलं की फेफरं, झोपलं की अण्णा.

२४ जून
आज फेफरं नव्हतंच! नुसता आळस दिला— तेवढ्यावर जिन्यात पावलं— छातीवर गुडघा. ओरडलो, मला काही झालेलं नाही. जितके हात झटकले तितकं ते अधिकच दाबत गेले. त्यांना वाटतं, मी तडफडतोय.

२६ जून
हलायचं नाही. चार दिवस फक्त. रात्रभर डोळ्याला डोळा नाही—

२७ जून
उजाडतंय. जागाच आहे. पावलं— कडी आतून आहे— हात थरथरतोय, भीतीनं, फेफरं नाही. थांब ना रे, हाता! अण्णा, बघा, मी शुद्धीवर आहे, लिहितोय, हा हात नुसताच