मार्झान्नाच्या अंगातलं जाकीट

४ मार्च
आले एकदाची ओल्शिन्का गावात! वाचनालयाच्या वरच्या दोन खोल्या, खिडकीत ऊन, समोर नदी. सामान उतरायच्या आतच शेजारच्या गेर्त्रुदाआजी बटाट्याच्या उकडगोळ्यांचं पातेलं घेऊन हजर. घरी कोण असतं, म्हणाल्या. आई होती, पानगळीत गेली, असं मी सांगून टाकलं. आई ओपोले शहरातल्या वृद्धाश्रमात आहे. पानगळीत मीच तिला तिथे ठेवलं. पण ‘ठेवलं’ म्हटलं की लोक पुढचा प्रश्न विचारतात. ‘गेली’ म्हटलं की जेवायला वाढतात.

९ मार्च
दर सोमवारी वाचनालयात जुन्या देवांना मानणारी मंडळी जमतात. दहाबारा जण, म्होरक्या द्रोगोमिर, एरवी नळदुरुस्ती करतो. गेर्त्रुदाआजी चर्चवाल्या, पण यांच्या चुका काढायला न चुकता येतात. आज त्याला म्हणाल्या, “पुस्तकं वाचून देव पुजतोस होय रे दाढीवाल्या? माझ्या आजीने तुलाच बुडवला असता!”
बुडवायची असते ती मार्झान्ना, हिवाळ्याची आणि मरणाची गवती बाई. एकवीस तारखेला. तिच्या अंगातला कपडा शेवटचं मरण झालेल्या घरचाच हवा, वापरलेला, न धुतलेला, असं आजींनी बजावलं. गावात दोन वर्षांत कुणी गेलं नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले. द्रोगोमिरने माझा हात हातात घेतला. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, कोर्नेल्या, आता तू आमचीच.
त्या क्षणी सांगता आलं असतं.

२० मार्च
आईचं निळं लोकरी जाकीट दिलं. ती तिकडे नेते म्हणत होती. तिथे भरपूर ऊब असते म्हणून मीच ठेवून घेतलं होतं. बॅगेत वरच माझा पांढरा सदरा होता, पण तो काय द्यायचा. गेर्त्रुदाआजींनी जाकीट नाकाशी धरलं आणि मग गवताला चढवलं.

२१ मार्च
सुंदर दिवस. गाणी, शेकोटी, भाजलेले सॉसेज. पेटवून नदीत फेकली ती. परतताना मागे बघायचं नसतं. मी बघितलं नाही. जाकीट मात्र फेकेपर्यंत पेटलं नव्हतं.

२३ मार्च
वृद्धाश्रमातून फोन. आईचे केस रोज सकाळी ओले असतात. अंथरूणही ओलं, गाळाचा वास येतो. हे जाकीट काढा, जड झालंय, असं सारखं म्हणते. परिचारिका म्हणाली, अंगात तर साधा गाऊन आहे हो.

२६ मार्च
द्रोगोमिर घाबराघुबरा होऊन आला. मार्झान्ना दरवर्षी एका दिवसात वाहून जाते. ही काठाला उभी आहे. आणि जिथे फेकली त्याच्या वरच्या अंगाला, प्रवाहाच्या उलट.
गेर्त्रुदाआजींनी मला बाजूला घेतलं. “तुझी आई नक्की गेली ना ग, पोरी?” हो म्हणाले. तरीही त्या सांगत राहिल्या – जित्याचा कपडा गेला असेल तर देणारीने चारचौघांत त्या माणसाचं नाव घ्यायचं, ते जिवंत आहे म्हणायचं, मग पाण्यात उतरून आपल्या हाताने तो काढायचा. लवकर. नाहीतर ते माणूस जातं. आणि मार्झान्ना कपडा परत करायला येते.

२९ मार्च
रविवारचं जेवण. सगळे होते. आईच्या नावाने वेगळं ताट मांडलं होतं, खसखशीचा केकसुद्धा. मी सांगायला उठले. तोंड उघडलं. म्हणाले, आभारी आहे.
बसले. केक खाल्ला.

३० मार्च
आई खोकते तेव्हा पाणी पडतं. नखांत गवत. मला बोलावते आहे. उद्या जाते म्हणून सांगितलं.

३१ मार्च
गेले नाही. खिडकीतून दिसते ती. निळी. काल पुलाशी होती, आज धोब्याच्या दगडाशी –
लिहूनच टाकते. त्या दिवशी पांढरा सदरा काढला होता मी. तोच द्यायला निघाले होते. दारात मनात आलं, यात खरंच काही असलं तर? तर मी मरेन. परत फिरले. सदरा बॅगेत ठेवला आणि आईचं जाकीट उचललं.
समजून उचललं.

१ एप्रिल, दुपार
अकराला फोन आला. आई गेली. छातीत पाणी –
आणि मला हायसं वाटलं. क्षणभरच. वाटलं, आता ते खोटं राहिलं नाही. आता कुणाला काही सांगायला नको –
आई, मी –

काठावर कुणी नाही. चांगलं ऊन आहे. रस्ताभर ओलं.
जिन्यावर –

गेर्त्रुदाआजी खालून ओरडताहेत, कोर्नेल्या, नाव घे तिचं, अजून घे – पण आता ‘जिवंत आहे’ कसं म्हणू –

दार मी लावलं होतं.
जाकीट तिच्या अंगात नाही. हातात आहे. नीट घडी करून आणलंय, आई करायची तशी. टेबलावर ठेवलं. जात नाही. बॅगेकडे बघते आहे. हात पुढे केलाय, तिला तो पांढरा –