टेबल नंबर चारचं शून्य

प्रति,
मा. प्राचार्य मॅडम,
तंत्रनिकेतन, मुख्य इमारत, पहिला मजला

विषय: विद्यार्थी प्रकल्प प्रदर्शनातली परीक्षक अपात्र असल्याची तक्रार. तक्रार करणारी आणि परीक्षक एकच आहे.

संदर्भ: १) आपलं परीक्षक नेमणुकीचं पत्र. २) काल खिडकी नंबर दोनवर झालेलं बोलणं.

महोदया,

१. मी खाली सही करणारी, वय सतरा, मावशीच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करते. प्रदर्शनाला प्रत्यक्ष काम करणारे परीक्षक पाहिजेत, मानधन नाही, असं आपलं पत्र दुकानात आलं. मावशी म्हणाली, "तू जा. तशीही दिवसभर दुसऱ्यांच्या चुकाच काढत असतेस." म्हणून गेले. फॉर्मवर शिक्षणाचा रकाना नव्हता. असता तर 'नववी अर्धवट' असं लिहिलं असतं, लपवलं नसतं.

२. विजेच्या हॉलमधल्या नऊ टेबलांना दोन परीक्षक होते. दुसरे आलेच नाहीत. तिथल्या सरांनी मला तक्ता दिला आणि म्हणाले, "प्रत्येक टेबल तपासा, आकडा टाका, सही करा." तक्त्यावर '२० पैकी' एवढंच छापलेलं आणि मागच्या बाजूला तपासायचे वीस मुद्दे. आमच्या दुकानात मोटार तपासली की तिला चिठ्ठी बांधतात. चिठ्ठीवर किती दोष सापडले तो आकडा. शून्य म्हणजे ठणठणीत, गिऱ्हाइकाला देऊन टाका. बारा म्हणजे परत खोला. तीन वर्षं मी हेच करतेय, तिथेही तेच केलं. विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं, कारण यात विचारण्यासारखं काय आहे असं वाटलं.

३. टेबल सातवर बोलणारा कचऱ्याचा डबा होता. कागद टाकला की "धन्यवाद" म्हणतो. बघायला ही गर्दी. खालचं झाकण उघडून बघितलं तर वायरींचे जोड उघडे, अर्थिंगची वायर नुसती लोंबतेय आणि डबा पत्र्याचा. सतरा दोष. सतरा लिहिले. त्याचा पहिला नंबर आला.

टेबल चारवर एक चष्मेवाली, एकटीच. टाकीतलं पाणी संपलं की पंप आपोआप बंद करणारी पेटी तिने बनवली होती. कोरडे चालून जळलेले पंप आमच्याकडे आठवड्याला चार तरी येतात, म्हणून मी तिला सोडलंच नाही. तिची बादली तीनदा रिकामी केली, तिन्ही वेळा पंप थांबला. वायरी ओढून बघितल्या. पेटीवर हात ठेवून बघितला, गार. शेवटी तर मला राग यायला लागला होता, की एकही दोष कसा सापडत नाही. नाहीच सापडला. म्हणून शून्य.

४. मंगळवारी परीक्षकाची खांद्यावरची पट्टी आणि बिल्ला परत करायला आले, तेव्हा ती निकालाच्या बोर्डापाशी उभी होती. मला म्हणाली, "मॅडम, माझं नेमकं काय चुकलं?" माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी असेल ती. मी म्हटलं, काहीच नाही. तिला वाटलं मी टिंगल करतेय. पाठ फिरवून निघून गेली. त्यानंतर मी बोर्ड वाचला. माझे दोषांचे आकडे तिथे मार्क म्हणून लागले होते.

प्रकल्पात आठच्या खाली आलं की अख्खं वर्ष परत करावं लागतं, हे मला खिडकीवर कळलं.

५. खिडकीवरचे क्लार्क म्हणाले, "मार्क वाढवा म्हणून पोरं येतात, त्यांचे आईबाप येतात. परीक्षक रडत आलेला पहिल्यांदा बघतोय." मी रडत नव्हते. विभागप्रमुख म्हणाले, "आकडा तुमचा, सही तुमची, कुठे खाडाखोड नाही. मग चूक कसली?" मी चारदा समजावलं. ते म्हणाले, परीक्षक अपात्र ठरला तरच तक्ता रद्द होतो आणि फेरतपासणी होते. त्यासाठी तक्रार लागते. तुमच्याविरुद्ध एकही तक्रार नाही, उलट डबेवाली मुलं तुमचं कौतुक करतात. मी आवाज चढवला, त्याबद्दल माफी मागते. टेबलावर हात आपटला, त्याबद्दलही.

६. तरी ही तक्रार घ्यावी. मी अपात्र आहे. शाळा सोडलेली आहे, तक्ता कसा भरतात ते माहीत नव्हतं, आणि विचारायची अक्कल नव्हती. हे सगळं खरं आहे. तपासण्यात चूक केली असं मात्र लिहून देणार नाही, कारण ती केलेली नाही. माझा तक्ता रद्द करावा आणि दुसरे परीक्षक नेमावेत. त्यांनी बादली स्वतःच्या हाताने रिकामी करावी, एवढंच.

७. आपण मला 'तज्ज्ञ परीक्षक' असं प्रमाणपत्र दिलं होतं. माझं नाव छापलेला माझ्याकडे तेवढा एकच कागद आहे. मावशीने त्याला काच लावून घेतली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवते. ते मी आज सकाळी खिळ्यावरून काढलं. मावशीला सांगितलेलं नाही. ते माझ्याकडे असेपर्यंत विभागप्रमुख साहेब मला पात्रच म्हणणार, म्हणून परत करतेय.

मार्कांची यादी उद्या चार वाजता पक्की होऊन पुढे जाते. मी खिडकीसमोरच्या बाकावर बसलेय. उद्याही तिथेच असेन.

आपली नम्र आणि अपात्र,
(सही)
दुकानात जिला 'फ्यूज' म्हणतात ती
गुरुवार, दि. १४

सोबत:
१) मूळ प्रमाणपत्र, काचेसकट.
२) नऊ टेबलांच्या दोषांचे नऊ कागद. टेबल चारचा कागद कोरा आहे, तो चुकून राहिलेला नाही.