थोरल्याचं वजन

प्रिय आई,

फोन केला असता तर तू पहिल्या वाक्यालाच मला गप्प केलं असतंस, म्हणून लिहितेय. दादाच्या हाती पाठवतेय, म्हणजे आजच मिळेल. शेवटपर्यंत वाच, मग हवं तेवढं रागाव.

प्रयोगशाळेत घड्याळांच्या खोलीत सगळं तू निवृत्त झालीस तेव्हा होतं तसंच आहे. तुझी खुर्ची अजून कुरकुरते. दार उघडं राहिलं की मी थेट तुझ्या आवाजात ओरडते. नवं क्वार्ट्झचं घड्याळ आलंय, ते अगदी मावशीसारखं: या घडीला एकदम ठाम, आठवड्याभराने भलतीकडे. त्याला ताळ्यावर ठेवायला आपली पाच अणुघड्याळं आहेतच. एकट्या घड्याळावर विश्वास ठेवायचा नाही, पाचांची सरासरी काढायची, नीट चालेल त्याला सरासरीत जास्त वजन द्यायचं, हे तूच शिकवलंस.

आणि त्या पाचांतल्या थोरल्याचं वजन प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालून तूच बांधून ठेवलंस. तब्बल निम्मं. तुझं पहिलं घड्याळ ते, माझ्याही आधीचं. त्याचे लाड माझ्यापेक्षा जास्त झाले हे मी विसरलेली नाही. पण त्याची आतली नळी म्हातारी झाली आणि ते खऱ्या वेळेपासून हळूहळू सरकायला लागलं. निम्मं वजन त्याचंच, म्हणून सरासरीही त्याच्यामागे गेली. मग थोरलं शहाणं दिसायचं आणि बाकीची चार चुकणारी. नऊ महिने मी त्या चार गुणी घड्याळांना बोल लावत बसले.

गेल्या महिन्यात बाहेरच्या प्रयोगशाळेशी ताडून पाहिलं तेव्हा उघडं पडलं. मी थोरल्याचं वजन शून्य केलं. त्या नऊ महिन्यांत चुकीच्या वेळेवरून लोकांच्या यंत्रांना दिलेली एकतीस प्रमाणपत्रं आता परत मागवावी लागतील. साहेब म्हणतात, प्रोग्रॅमचा दोष लिहून मोकळी हो, आईच्या नावाला धक्का नको. मी नाही म्हटलं.

उद्या अकराला अहवाल जातोय. वजन हाताने बांधलं होतं आणि ते कुणी बांधलं, दोन्ही त्यात आहे. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. आणि एक गोष्ट तुलाही ठाऊक नाही. ती ओळ मला दोन वर्षांपूर्वीच दिसली होती. तुझी आहे म्हणून मी तिला हात लावला नाही. अहवालात तुझ्या नावाखाली तेही लिहिलंय, माझ्या नावानिशी.

तुझीच,
लेक