कॉन्फरन्स रूममधले अध्यक्ष

४ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. चळवळीचा इतिहास नेत्यानेच लिहून ठेवलेला बरा. नंतर लोक वाटेल ते सांगतात.

आमची इमारत मुळात विमा कंपनीचं ऑफिस. कंपनी गेल्यावर मालकाने मध्ये प्लायवूड ठोकून खोल्या भाड्याने दिल्या, पण कागदोपत्री ऑफिस ते ऑफिसच. म्हणजे कायद्याच्या मते आम्ही इथे राहत नाही, फक्त फार वेळ बसतो. मालक म्हणेल तेव्हा उठायचं.

आता नवा कायदा आलाय. अशा बदललेल्या इमारतींतल्या लोकांनाही भाडेकरूंचे सगळे हक्क. अट एकच: पाहणीच्या दिवशी माणसं खरोखर राहताना दिसली पाहिजेत.

याला नेतृत्व लागणार. आणि इथे माझ्याशिवाय आहे कोण?

४ मार्च, संध्याकाळ
जिन्यात सभा. मी एकमताने अध्यक्ष. हजर: मी, कॅश काउंटरमध्ये राहणाऱ्या शिंपीणकाकू आणि लिफ्टसमोर राहणारा ड्रायव्हर. ड्रायव्हर खरं तर चप्पल शोधायला आला होता. तरी मत ते मत.

घरी ही बातमी दिली. ही म्हणाली, अध्यक्ष झालात ते झालात, आधी कपडे वाळत घालायला दोरी बांधून द्या. दृष्टीच नाही.

७ मार्च
समितीची नियमावली लिहिली. नियम पहिला: जो इथे राहतो तोच सभासद. बाहेरचा कुणी घुसायला नको. भाषा कडक झालीये. स्वतःच दोनदा वाचली.

११ मार्च
अध्यक्षाला बसायला जागा नाही! आमची खोली म्हणजे पूर्वीची कॉन्फरन्स रूम, इमारतीत सगळ्यात मोठी. तिथेच कार्यालय थाटायचं ठरवलं. मी फर्निचरच्या दुकानात सेल्समन असल्याचा असा उपयोग. दुकानमालकांच्या हातापाया पडून डेमोचं टेबल आणि खुर्च्या आणल्या. टेबल मावेना, म्हणून पलंग गच्चीवर.

हिने विचारलं, झोपायचं कुठे. म्हटलं, लढ्याच्या काळात झोप कसली. ही गादी, कुकर आणि कपड्यांची ट्रंक घेऊन शिंपीणकाकूंकडे गेली. जाताना एक शब्द बोलली नाही. पाठिंबाच समजायचा.

१३ मार्च
टेबलावर झोपलो. पाठ धरली. पण खोलीला काय रुबाब आलाय! दारावर पाटी लावली: ‘भाडेकरू समिती, मुख्य कार्यालय’. ड्रायव्हरने विचारलं, शाखा कुठे आहेत. होतील म्हटलं.

१५ मार्च
पाहणी उद्या. सर्वांना सूचना: पॅसेजमध्ये बादल्या नकोत, दोऱ्या नकोत, ड्रायव्हरच्या बाळाने (टोपणनाव भोंगा) रडायचं नाही. अधिकाऱ्यांवर छाप पडली पाहिजे.

कुणी ढिम्म हललं नाही. उलट हिने माझ्या नाकासमोर आणखी एक दोरी बांधली आणि माझाच फाटका बनियन तिच्यावर टाकला. म्हणे, राहतं घर असंच असतं. वाद घातला नाही. अध्यक्षाने मोठं मन ठेवायचं असतं.

१६ मार्च
अधिकारी बाई आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिफ्टसमोर भोंग्याची आंघोळ चाललेली, त्याचा सूर टिपेला. कॅश काउंटरमध्ये दूध उतू गेलेलं, ही फडकं शोधतेय, काकू कुणाला तरी ओरडतायत. बाई सगळं लिहून घेत होत्या. शरमेने त्यांना घाईघाईने माझ्या खोलीत नेलं.

तिथे कसं? चकचकीत टेबल, रांगेत खुर्च्या, झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास. बाई उंबऱ्यातच थबकल्या. पलंग कुठे, विचारलं. सांगितलं, तसला पसारा इथे चालत नाही. पत्नी? शेजारी राहते. वेळ? दहा ते सहा. एकही उत्तर खोटं नाही. बाई म्हणाल्या, इतकी नीटनेटकी जागा पाहिली नव्हती.

जिंकलो.

२९ मार्च
निकाल लागला. कॅश काउंटर: राहतं घर. लिफ्टसमोरची जागा: राहतं घर. यापुढे त्यांना कुणी हात लावू शकत नाही. कॉन्फरन्स रूम: कार्यालय, उत्तम स्थितीत.

कारकुनाची चूक असणार. उद्या एका फटक्यात सरळ करतो.

३० मार्च
बाईंना भेटलो. म्हटलं, मी तिथेच राहतो हो. त्या म्हणाल्या, तुमच्याइतकं स्वच्छ ऑफिस आमचंही नाही. मालकाने तर हात हातात घेऊन अभिनंदन केलं. महिनाअखेरीला, म्हणजे उद्याच, जागा रिकामी करायची. तोवर वॉचमन संध्याकाळी सहाला कुलूप लावेल, कारण ऑफिस आहे. त्याने आजपासूनच लावलं. मी आत ओरडत होतो म्हणून मला बाहेर काढून मग लावलं.

३१ मार्च
तातडीची सभा बोलावली. शिंपीणकाकूंनी नियम पहिला वाचून दाखवला. मी इथे राहत नसल्यामुळे सभासद नाही. अध्यक्षपद तर लांबच. नवी अध्यक्ष: ही. एकमताने. ड्रायव्हरला या वेळी चप्पल सापडलेली होती, तरी तो शेवटपर्यंत थांबला.

१ एप्रिल, संध्याकाळ
टेबल दुकानात परत गेलं. पलंग गच्चीवर गंजतोय. पिशवी घेऊन पॅसेजमध्ये उभा आहे. आज पहिल्यांदा भीती वाटली, खरीखुरी.

कॅश काउंटरमध्ये माझीही सोय होईल का, विचारलं. काकू लगेच हो म्हणाल्या.

ही म्हणाली, विचार करून सांगते.